पोषणशास्त्राची पदवी सोलापुरातून घ्यावी का? एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

सोलापुरातील एका महाविद्यालयात चालणाऱ्या अन्न व पोषणशास्त्राच्या बी.एस्सी. पदवीचे हे परीक्षण आहे. मी ही पदवी तेथून घेतली, पदव्युत्तर शिक्षण बाहेरगावी केले आणि आता शहरातीलच एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. त्यामुळे या अभ्यासक्रमातील कोणता भाग पुढे हाताशी राहिला आणि कोणता परीक्षेबरोबर संपला, हे सांगण्याइतके अंतर आता पडले आहे. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा येतील त्यांचा उपद्रव आज तेथे शिकणाऱ्या मुलींना किंवा मोजक्या साधनांत जीव ओतून शिकवणाऱ्या प्राध्यापिकांना होऊ नये. माझे मत आधीच नोंदवते. विज्ञानाचे शिक्षण म्हणून या पदवीला मी पाचपैकी चार गुण देईन. व्यवसायाची तयारी म्हणून अडीचच्या वर देता येणार नाहीत.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करायला हवा, कारण प्रवेश घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी तो सोबत घेऊनच येतात. नातेवाइकांच्या दृष्टीने हा ‘स्वयंपाकाचा कोर्स’ असतो आणि वैद्यकीय प्रवेश हुकलेल्या मुलीसाठी लग्नापर्यंतची सोयही असते. प्रत्यक्षात पहिल्याच वर्षी रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र समोर उभे राहते आणि दुसऱ्या वर्षीचे जीवरसायनशास्त्र तर अशा अपेक्षेने आलेल्यांची चांगलीच परीक्षा घेते. ग्लुकोजचा एक रेणू पेशीत गेल्यावर त्याचे पायरीपायरीने काय होते, इन्सुलिन नसेल तर ती साखळी कोठे अडते आणि मग शरीर चरबी जाळू लागल्यावर रक्तात कीटोन का वाढतात, हे ज्या मुलीने तेव्हा समजून घेतले, तिला पुढे मधुमेहाचा आहार पाठ करावा लागत नाही. आमच्याकडे हा विषय शिकवणाऱ्या मॅडम फळ्यावर चक्रे काढत आणि प्रत्येक पायरीला ‘येथे कोणते जीवनसत्त्व लागते?’ असे विचारत. थायमिन, रायबोफ्लेविन, नायसिन ही नावे तेव्हापासून डोक्यात गोळ्यांच्या पाकिटावर नसून त्या चक्रांतील आपापल्या जागी बसलेली आहेत.

या अभ्यासक्रमाचा सर्वांत समृद्ध भाग म्हणजे अन्नविश्लेषणाची प्रयोगशाळा. उपकरणे फार नव्हती, परंतु जी होती ती कुलपात ठेवलेली नव्हती. १०५ अंश सेल्सियसच्या भट्टीत नमुना वाळवून त्यातील पाणी काढायचे, ५५० अंशांच्या आसपास जाळून राख तोलायची म्हणजे खनिजांचा अंदाज येतो, सॉक्सलेटच्या नळीतून विद्रावक फिरवून चरबी वेगळी करायची आणि केल्डाल पद्धतीने नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणून प्रथिने काढायची, अशी ही कामे आहेत. ती वाचताना रुक्ष वाटतात. पण आम्हाला नमुना म्हणून शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणायला सांगितले जाई आणि तेथून प्रयोगाला रंग चढे. शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे ४० टक्के चरबी असते हे वाक्य कोणीही वाचू शकते. मात्र घरच्या उखळात कुटलेल्या चटणीतून निघालेले तेल चंचुपात्राच्या तळाशी साचलेले पाहिल्यावर ‘चटणी काय, तोंडी लावण्यापुरती’ हे वाक्य आहाराच्या नोंदीत कसे लिहायचे, याचा विचार वेगळ्या प्रकारे होऊ लागतो.

कडक भाकरीनेही आमची अशीच फिरकी घेतली. १०० ग्रॅम मऊ भाकरी आणि १०० ग्रॅम कडक भाकरी यांचे उष्मांक काढा, असा प्रश्न होता आणि कडक भाकरीचे आकडे पाहून अर्ध्या वर्गाने ती मधुमेहींना वर्ज्य ठरवली. फरक पाण्याचा होता. तव्यावरून उतरलेल्या मऊ भाकरीत ते बरेच असते आणि वाळवून कडक केलेल्या भाकरीत फारच थोडे उरते. म्हणून हिशेब भाकरीच्या वजनावर न करता तिच्यात गेलेल्या पिठावर करायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ३३४ किलोकॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिने असतात. तेव्हा ७५ ग्रॅम पिठाची भाकरी मऊ असो की कडक, तिच्यातून २५० किलोकॅलरी आणि साडेसात ग्रॅम प्रथिनेच मिळणार. रुग्णालयात आजही माझा दिवसातील बराच वेळ याच हिशेबात जातो, कारण सोलापूरचा रुग्ण ‘दोन भाकरी’ म्हणतो तेव्हा त्या केवढ्या, हे त्याच्या घरच्या परातीखेरीज कोणालाच ठाऊक नसते.

ज्वारीचा विषय निघाला आहे तर अभ्यासक्रमातील एका उत्तम सत्राचा उल्लेख करते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते, त्यामुळे अलीकडे ज्वारीची स्तुती ऐकून कान किटतात. आमच्या प्राध्यापिकांनी मात्र तिच्या उणिवाही शिकवल्या. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. शेंगदाण्याच्या प्रथिनांतही ते बेताचेच असल्याने भाकरी आणि शेंगाचटणी एवढ्यावर ही तूट पुरती भरत नाही. हरभऱ्याच्या डाळीत मात्र लायसीन भरपूर असते, म्हणून भाकरी-पिठले हे जेवण प्रथिनांच्या दृष्टीने कितीतरी सरस ठरते. त्याच तासिकेत पेलाग्राची हकिकत आली. दख्खनमधील केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत नायसिनच्या अभावाचा हा आजार का दिसतो, याचा शोध हैदराबादच्या संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास घेतला आणि ज्वारीतील जास्तीच्या ल्युसीन या दुसऱ्या अमिनो आम्लाकडे बोट दाखवले. ते गृहीतक पुढे वादग्रस्त ठरले, आणि तेही आम्हाला सांगितले गेले. एखादे धान्य चांगले की वाईट या प्रश्नाऐवजी ते कशासोबत, किती आणि कोणी खायचे हा प्रश्न विचारण्याची सवय मला तेथे लागली.

सगळ्याच तासिका अशा नव्हत्या. काही विषय केवळ टिपणे सांगून उरकले जात आणि ती टिपणेही जुनी असत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढ स्त्रीसाठी लोहाची दैनंदिन मात्रा २१ मिलिग्रॅमवरून २९ मिलिग्रॅमवर गेली, तरी आमच्या वहीत जुनाच आकडा उतरवला जात होता आणि उत्तरपत्रिकेत तो ग्राह्यही धरला जात होता. ज्या राज्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, तेथे हा तपशील किरकोळ मानता येत नाही. ग्रंथालयाची अवस्थाही तशीच होती. पाठ्यपुस्तकांच्या भरपूर प्रती, परंतु नियतकालिकांचा कप्पा जवळपास रिकामा. शोधनिबंध कसा वाचावा हे मला पदव्युत्तर वर्गात शून्यापासून शिकावे लागले.

सामुदायिक पोषणाचे प्रात्यक्षिक मात्र शहराने वाचवले, असेच म्हणावे लागेल. अंगणवाडीत जाऊन बालकांची उंची आणि वजन घेणे, दंडाचा घेर मोजणे (सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकात तो ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला की तीव्र कुपोषण समजतात) आणि पूर्व भागातील वस्त्यांत घरोघर जाऊन मागील चोवीस तासांत काय खाल्ले याची नोंद करणे, असे त्याचे स्वरूप होते. ही नोंद घेणे हे कौशल्याचे काम आहे. विडी वळणाऱ्या एखाद्या मावशींना ‘काल काय जेवलात?’ असे विचारले तर उत्तर ‘रोजचंच’ असे येते. मग हातातील सूप बाजूला न ठेवता त्या बोलतील अशा बेताने सकाळच्या चहापासून सुरुवात करावी लागते, वाटी दाखवावी लागते, तेलाची पिशवी किती दिवस पुरते हे विचारावे लागते. शिवाय पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड आणि काही मोहल्ल्यांत दखनी बोलली जाते. इंग्रजी पाठ्यपुस्तकातून शिकलेले मराठीत समजावणे हेच अवघड, त्यात या तीन भाषांतील निदान खाण्यापिण्याचे शब्द यायला हवेत. अभ्यासक्रमात याची काहीही तरतूद नव्हती. वर्गातील तेलुगूभाषक मैत्रिणींनी आमची नौका पार केली.

आता या पदवीच्या सर्वांत कच्च्या बाजूविषयी. रुग्णालयातील अंतर्वासिता (इंटर्नशिप) फारच अल्प होती आणि तीही बहुतेक स्वयंपाकघरातच गेली. रुग्णांचे ताट कसे लागते, मिठाविना जेवणाला वेगळी खूण कशी करतात, शिजवलेले अन्न किती वेळात वॉर्डात पोहोचले पाहिजे, हे शिकणे आवश्यकच आहे. परंतु आहारतज्ज्ञाचे खरे काम रुग्णाच्या कागदपत्रांपासून सुरू होते आणि त्या फायलीला हात लावण्याची मुभा आम्हाला क्वचितच मिळाली. एक उदाहरण देते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या, पण डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णाची प्रथिने कमी करावी लागतात. तोच रुग्ण डायलिसिसवर गेला की प्रथिने वाढवावी लागतात, कारण त्या प्रक्रियेत ती शरीराबाहेर जातात. घरचे लोक आधीचाच तक्ता जपून पाळत राहतात आणि रुग्ण खंगत जातो. त्यात हा डाळिंबांचा जिल्हा. अशक्तपणा आला की रोज डाळिंबाचा रस द्यायचा, हा येथील प्रेमाचा प्रकार. आणि ज्याच्या रक्तातील पोटॅशियम आधीच वाढले आहे त्याच्यासाठी नेमका तोच रस धोक्याचा ठरू शकतो. हे सारे पुस्तकात होते. रुग्णाच्या उशाशी उभे राहून, त्याच्या मुलाची समजूत काढत हे सांगायचे कसे, याचे शिक्षण मात्र पदवीने दिले नाही. केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र शहराच्या सीमेवर आहे; तेथे शैक्षणिक भेट झाली, त्याऐवजी आणखी एक महिना वॉर्डात काढायला मिळाला असता तर मी अधिक समाधानी झाले असते.

नोकरीविषयी पालक जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे माहितीपत्रकात मोघम असतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते. केवळ बी.एस्सी.वर रुग्णालयात सहायक म्हणून जागा मिळू शकते, पण सुरुवातीचा पगार निराश करणारा असतो आणि बढतीची वाट पदव्युत्तर पदवीच्या दारातूनच जाते. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणीकृत आहारतज्ज्ञ ही परीक्षा मोठ्या रुग्णालयांत मोलाची मानली जाते. तिच्यासाठी सर्वसाधारणपणे पदव्युत्तर पातळीचे शिक्षण आणि रुग्णालयातील सहा महिन्यांची अंतर्वासिता लागते. शिवाय २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ हे व्यवसाय आपल्या अनुसूचीत घेतले असून त्यांच्यासाठी नोंदवही आणि शिक्षणाची प्रमाणके ठरवण्याची व्यवस्था केली आहे. याचा एक थेट परिणाम असा, की २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, त्यांत अन्न व पोषणशास्त्र आणि नैदानिक आहारशास्त्रही आले, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. ‘नोकरी करत घरबसल्या एम.एस्सी.’ अशी जाहिरात कोणी दाखवली तर तिच्यावरील तारीख आधी पाहावी.

रुग्णालयाबाहेरच्या वाटा मला विद्यार्थिदशेत कोणीच नीट दाखवल्या नाहीत आणि त्यांतील काही सोलापूरच्या मुलीसाठी अधिक सोयीच्या आहेत. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ पासून चालू आहे. तिच्यातील मुख्यसेविका (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका) आणि त्यावरील पदांसाठी स्पर्धा परीक्षा द्यावी लागते आणि तेथे पोषणाचे ज्ञान कामाचे असते, मात्र जाहिरातीतील पात्रतेचा शब्द न् शब्द वाचून मगच अर्ज करावा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील पोषण पुनर्वसन केंद्रांत आहारतज्ज्ञ लागतात, पण त्या जागा बहुधा कंत्राटी असतात. अध्यापनात जायचे असल्यास राष्ट्रीय पात्रता परीक्षेत गृहविज्ञान हा विषय आहे.

खाद्यउद्योगाची वाट मात्र येथे अक्षरशः दाराशी आहे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाकिटात घालून परगावी पाठवणारे लहान-मोठे व्यावसायिक आणि बचत गट शहरात पुष्कळ आहेत. वेष्टनबंद पदार्थावर पोषणमूल्यांचा तक्ता छापण्याविषयी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०२० चे नियम आहेत आणि प्रत्येक वाढपातून दैनंदिन गरजेचा किती टक्के भाग मिळतो, हेही त्यात दाखवावे लागते. हा तक्ता अचूक करून देणारी व्यक्ती शोधायला व्यावसायिक पुण्याला फोन करतात, आणि येथे केल्डाल-सॉक्सलेट हाताळलेल्या मुली ‘काही निघालं का कुठे?’ म्हणून विचारत फिरतात. माझ्या एका वर्गमैत्रिणीने हेच काम धरले आणि आज ती आमच्या वर्गात सर्वांत समाधानी दिसते.

स्वतंत्र सल्लाकेंद्राबद्दल थोडक्यात लिहिते. होटगी रस्त्यापासून विजापूर रस्त्यापर्यंत वजन घटवून देणाऱ्या पाट्या वाढल्या आहेत आणि त्यांतील कित्येकांचे उत्पन्न सल्ल्यापेक्षा डब्यातील पावडरीवर चालते. काही आठवड्यांचे प्रमाणपत्र मिळवून बसलेल्या व्यक्तीशी स्पर्धा करताना पदवीधर मुलीला सुरुवातीला नुकसान सोसावे लागते, कारण ती महिन्यात पंधरा किलोचे आश्वासन देऊ शकत नाही. हे काम निदान काही वर्षे रुग्णालयात काढल्यानंतरच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढील शिक्षणासाठी मुंबई-पुण्यातील श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाची महाविद्यालये, मुंबईचे निर्मला निकेतन आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय ही नावे आमच्याकडे परिचित आहेत. हैदराबादचे नाव मात्र कोणी घेत नाही, याचे मला नवल वाटते. १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू झालेली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आलेली राष्ट्रीय पोषण संस्था तेथे आहे, ती उपयोजित पोषणशास्त्रात एम.एस्सी. शिकवते आणि सोलापूरहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे. आपल्या आकड्यांचे उगमस्थान रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर असताना मुली पुण्याच्या वसतिगृहांच्या याद्या चाळत बसतात.

शुल्क मोठ्या शहरांच्या मानाने पुष्कळच कमी आहे, घरी राहून शिकता येते आणि वर्ग लहान असल्याने प्राध्यापिका प्रत्येकीला नावाने ओळखतात, हे या महाविद्यालयाचे निर्विवाद गुण आहेत. ज्या मुलीला बारावीत रसायनशास्त्र आवडले, जिची आणखी दोन वर्षे शिकण्याची तयारी आहे आणि घरच्यांनी तिला त्यासाठी बाहेरगावी पाठवण्याचे आधीच कबूल केले आहे, तिने येथे अवश्य प्रवेश घ्यावा. तीन वर्षांत लगेच कमावती होण्याची गरज असलेल्या मुलीला मी हा मार्ग सुचवणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षाची सोय होत आहे. ते वर्ष संशोधनाच्या नावाखाली पुन्हा टिपणांत घालवले जाणार की रुग्णालयात, याची चौकशी प्रवेशापूर्वी करावी. त्याच वेळी प्रयोगशाळा उघडून दाखवण्याची विनंती करावी, केल्डालच्या उपकरणावरचा धूर बाहेर टाकणारा पंखा चालतो का ते पाहावे (आमच्या वेळी तो वर्षभर बंद होता आणि आम्ही खिडक्या उघडून खोकत प्रयोग करत असू), अंतर्वासिता कोणत्या रुग्णालयात, किती आठवडे आणि कोणत्या विभागात असते हे लेखी मागावे आणि मागील वर्षी उत्तीर्ण झालेल्या एखाद्या मुलीचा दूरध्वनी क्रमांक विभागाकडून, तिच्या संमतीने, मिळवावा.